गुडघ्याएवढी रेघ

बिल्डर वीरधवलराव कृष्णाकाठच्या एका शहराचे नगराध्यक्ष झाले आणि त्यांचा पहिलाच हुकूम लोकांना आवडला. महापुराचं पाणी जिथवर चढलं होतं, तिथं प्रत्येक इमारतीवर निळी रेघ ओढायची, म्हणजे घर घेणारा फसायचा नाही. काम मिळालं त्यांच्या जुन्या रंगाऱ्याला, चांदसाहेबांना.

नगराध्यक्षांच्या स्वतःच्या नव्या बिल्डिंगपाशी चांदसाहेबांनी पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीचं एक टोक शेजारच्या घरावरच्या रेघेला लावलं. दुसऱ्या टोकातलं पाणी खांद्याएवढं उभं राहिलं.

"गुडघ्याएवढीच घ्या. तळमजल्याचे फ्लॅट विकायचेत अजून," शेजारी उभे वीरधवलराव म्हणाले.

"आवं साहेब, पाणी काय मालक बघून चढतंय व्हय?" चांदसाहेब हसत म्हणाले. पण वीस वर्षं त्यांचंच मीठ खाल्लं होतं. रेघ गुडघ्यावर आली.

पुढच्या उन्हाळ्यात चांदसाहेब वारले. तेव्हापासून त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उभं राहिलं, की वीरधवलरावांना खांद्यापर्यंत गार लागायचं. सदरा कोरडाच असायचा, तरी ते हात लावून बघायचे.

तळमजल्याचा शेवटचा फ्लॅट एजंटामार्फत विकला गेला. किल्ली द्यायला ते स्वतः आले, तर समोर चांदसाहेबांची लेक जरिना उभी, कडेवर वर्षाचं लेकरू.

"तू घेतलास हा फ्लॅट?" त्यांनी विचारलं. किल्ली अजून त्यांच्याच मुठीत होती.



"व्हय साहेब. समदी म्हणत हुती, नदीकाठ हाय, नगं घेऊ. मी म्हटलं, रेघ माझ्या अब्बांच्या हातची हाय."