बोकडाचे काळे बूट

"सांगितलं तर कोणी खरं मानणार नाही मॅडम, पण या बोकडाच्या चारही पायांना समुद्रातल्या माकुळाने दहाही हातांनी मिठी मारली होती," हरिश्चंद्रकाका म्हणाले, आणि बोकडाचे काळेभोर खूर सगळ्यांना नीट दिसावेत म्हणून जरा बाजूला सरले.

काकांचं नाव ठेवताना बारशालाच चूक झाली होती, असं सगळी वस्ती म्हणायची.

जनावरांची डॉक्टर मयुरा वाळूत उकिडवी बसली होती. ती या भागात नवीन होती. तिच्यापुढे मासळीवाल्या हंसाच्या सहा शेळ्या होत्या. चार लंगडत होत्या. दोघी तर पुढचे गुडघे टेकूनच चरत होत्या.

"भरतीच्या पाण्यात उतरला हा," काका पुढे म्हणाले. "माकूळ आलं. याने शिंग मारलं, त्याने शाई सोडली. तेव्हापासून हे बूट. एका तलाठ्याने त्या शाईने तीन सातबारे लिहिले. अजून पुसले गेले नाहीत."

मयुराने मान डोलावली. ऐकत होती की नाही, कोण जाणे. तिने एकेका शेळीचं तोंड उघडून पाहिलं. फोड नाहीत, लाळ नाही. म्हणजे लाळ्या खुरकूत नव्हे. काटा शोधला. सहा शेळ्यांना एकाच आठवड्यात काटा कसा लागेल? खुरांच्या बेचक्यात कातडी लाल, ओली झाली होती. पाऊस थांबला होता, पण खाडीकडची चरायची जागा अजून पचपचत होती. नुसत्या चिखलानेही असं होतं. तसं असेल तर कोरडी जागा पुरे. पण ही लागट खुरसड असेल तर? तिचा जंतू चिखलात आपला आपण उगवत नाही. तो कुणाच्या तरी खुरातून येतो. खुरसडीची मोठी खूण म्हणजे घाण वास.

मयुरा वाकली आणि तिने वास घेतला. डोक्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. शेळीला बोंबलांचा वास, वाळूला बोंबलांचा वास, तिच्या ओढणीलाही तोच.

"येतोय का वास?" शेजारच्या कुसुमबाईंनी विचारलं.

"येतोय," मयुरा म्हणाली. "पण सगळ्यालाच येतोय."

मग ज्याला जे सुचलं ते तो बोलला. शेजारचा नविन म्हणाला, खारं पाणी लागलंय. कुसुमबाई म्हणाल्या, नजर. कोणीतरी मोबाइलवर गुजरातीतला व्हिडिओ लावला, त्यात हिंग लावायला सांगत होते. मयुरा वहीत लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची.

"गेल्या महिनाभरात इथे बाहेरचं जनावर आलं का?" तिने विचारलं. "किंवा इथलं कुठलं बाहेर जाऊन आलं?"

कोणी हो म्हणेना.

"माझा बोकड तर होळीपासून या वाळूबाहेर पडला नाही," काका म्हणाले. "आजार हंसाच्या शेळ्यांचा आहे. आता तो याला लागला, तर तलासरीपासून लोक माद्या घेऊन येतात, ते थांबतील. मग मी काय करू, मासे खाऊ घालू त्याला?"

"मग हंसाच्या शेळ्या आजच हलवा," कुसुमबाई म्हणाल्या. "आमच्यापण शेळ्या चरतात तिथे."

"कुठे हलवू, मावशी?" हंसा म्हणाली. "घरामागे खाडी, पुढे रस्ता. दोघी गाभण आहेत. उद्या व्यापाऱ्याला देऊन टाकू?"

कुसुमबाईंनी तोंड फिरवलं. इतरांनीही हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. वस्तीत एवढ्यावरच ठरतं: शेळ्या जाणार.

"जरा थांबा," मयुरा म्हणाली. "मातीतला जंतू पंधरा दिवसांत मरतो. पण जनावराच्या खुरात महिनोन्महिने राहतो. ज्याच्याकडून आला तो इथेच राहिला, तर या शेळ्या हलवून काय उपयोग? औषधाच्या पाण्यात पाय बुडवले तरी पुन्हा लागेल." तिने बोकडाचा पाय धरला. काळ्या थराखाली काहीच दिसेना. तिने खरवडायला चाकू काढला.

"नको मॅडम," काका मध्ये आले. "माकुळाची शाई खरवडली की जनावर सातव्या दिवशी मरतं. केळव्याला एक म्हैस गेली."

मालकच नको म्हणतो म्हटल्यावर मयुराने चाकू खाली घेतला. तिलाही आता काही कळेनासं झालं होतं.

हंसा उठली. रोज पहाटे बंदरावर लिलावाआधी ती मासळीच्या टोपलीत नाक घालते आणि जाळ्यातून निघून किती दिवस झाले ते सांगते. तिच्याशी तिथे कोणी वाद घालत नाही. तिने आपल्या एका शेळीचा पाय उचलून नाकाशी नेला. मग दुसरीचा. काकांना हाताने बाजूला करून तिने बोकडाचा पाय उचलला आणि तिथे जास्त वेळ थांबली. व्हिडिओवाल्याने आवाज बंद केला.

"खुरसडच आहे, मॅडम," ती मयुराला म्हणाली. "माझ्या शेळ्यांची आठ दिवसांची. याची वीस दिवसांची."

मग तिने काकांकडे पाहिलं.

"आणि काका, हे माकूळ नाही, तुमच्या होडीचं डांबर आहे. वीस दिवसांपूर्वी नवरात्रात अच्छाडला मेहुण्याकडे गेलात, तेव्हा टेम्पोत तुम्ही एकटे नव्हतात."