अंगणातला फलक

चर्चमध्ये मतदान चालू होतं. केंद्रावरचा ड्वेन मोजपट्टी घेऊन, दारापासून मोजत मोजत शेजारच्या मार्लीनच्या अंगणातल्या प्रचारफलकापाशी आला.

"तक्रार आलीय, मार्लीन. फलक केंद्राच्या फार जवळ आहे म्हणे."

"मग काढून टाक की."

"चर्चच्या आवारात असता तर केव्हाच उपटला असता. तुझ्या अंगणातल्याला मी हात लावू शकत नाही. कुणाच्या पोटात दुखतंय कोण जाणे! राहू दे, त्याच्या नाकावर टिच्चून."

मार्लीन हसली नाही. "पुन्हा एकदा मोज ना. एखादा नियम असेलच."

"अगं, तुझ्याच उमेदवाराचा ना हा?"

"छे, माझं मत दुसऱ्याला. हा वेस्लीने लावलाय. यंदा पहिल्यांदा मत देणार होता ना, मे महिन्यातच हौसेने रोवला."

ड्वेनने टोपी काढली. त्यानंतर दोनच महिन्यांनी तिच्या या मुलाची शवपेटी त्यानेही खांदा देऊन याच चर्चमधून बाहेर आणली होती.

"मग असू दे की, मार्लीन."

"उद्या सगळे आपापले फलक काढतील रे. तक्रार मीच केलीय. माझ्या हातांनी नाही उपटवत."