गिळलेलं परत देणारा

नवऱ्याच्या गॅरेजसाठी मोठा व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा, म्हणून ती त्याला दुकानात घेऊन आली. नवरा घड्याळजी. गॅरेजमध्ये बसून जुनी घड्याळं दुरुस्त करायचा. पण आत्ता तो उजवा हात खिशात घालून गुमान मागे उभा होता. पारख करावी तर हिनेच, हे तो संसारात कधीच शिकला होता.

दुकानदार गोडवे गात होता. "काकू, हा म्हणजे हत्ती! भुसा, खिळे, पाणी, काही म्हणजे काही सोडत नाही."

तिने सोन्याचं कानातलं काढून फरशीवर टाकलं. हत्तीने ते गपकन गिळलं. दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता काढून दाखवा."

हत्तीचं पोट उघडता उघडता त्याला घाम फुटला. दुसऱ्या यंत्राने गिळलं, तेव्हा पिशवीच फाडावी लागली. कोपऱ्यातल्या बुटक्याचं झाकण मात्र दोन खटके दाबताच निघालं. आत कानातलं लखलखत होतं.

"हाच द्या. ओढायला काय, सगळेच ओढतात."

काय बाई आहे, घड्याळजीने मनातल्या मनात सलाम ठोकला.

दुकानदार हसला. "पण काकू, गॅरेजमध्ये सोनं कोण सांडतंय?"

"सोनं नाही हो, स्क्रू. तिळाएवढे असतात. हल्ली ह्यांच्या हातून पडतात, मग दार लावून जमिनीवर शोधत बसतात."

घड्याळजीला वाटत होतं, घरात कुणाला पत्ताच नाही. त्याने थरथरता हात खिशातून बाहेर काढला आणि तिने उचललेल्या क्लीनरच्या खोक्याची दुसरी बाजू धरली.