झाकण निवेपर्यंत

यंत्रातून प्लास्टिकच्या डब्याचं पहिलं झाकण पडलं ते होडीसारखं, चारी कोपरे वर उचललेलं. "झालं! साच्याचं महागाचं पोलाद भंगारात गेलं," सोम्कितकाका करवादले. "जन्मभर सरळ साचे कापले. वाकडा कापायला लावणारी तूच पहिली!" साचा दुआनने आखला होता. निवताना प्लास्टिक आकसून कोपरे खाली झुकतील, असं तिच्या संगणकाने दाखवलं होतं. म्हणून तिने साच्यातच ते वर चढवले होते. "निवू तर द्या, काका." तिने झाकण काचेवर ठेवलं. कोपरे हळूहळू उतरले, टेकले. काकांनी खालून कागद सरकवून पाहिला. शिरेना.  "सुटलो, पोरी!" म्हणत काका दारातल्या देव्हाऱ्याकडे पळाले; जागेच्या देवाला सकाळीच स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली नवस बोलले होते. परतले ते दुसरी बाटली घेऊन. ती संगणकापुढे ठेवत म्हणाले, "स्ट्रॉ घातलीय. याला म्हणावं, गोड मानून घे."