पिवळी रेघ

जयराजनं जीपचं बॉनेट उचललं आणि काठी लावून अडकवलं. हा लागोपाठ सहावा रविवार. शनिवारी पुण्याहून एसटीनं सहा तास यायचं, रविवारी दिवसभर डिझेलमध्ये हात घालायचे आणि संध्याकाळी पुन्हा सहा तास. लेकीनं तर काल विचारलंच होतं, "पप्पा, तुमचं ऑफिस आता गावाला गेलंय का?"

जीप त्याच्या वडलांची, आकाराम हवालदारांची. फौजेत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त करून आण्णा पेन्शनीत निघाले आणि लिलावातली ही जुनी जीप घेऊन आले. गेल्या उन्हाळ्यात बापलेकांनी दर रविवारी खपून तिला माणसात आणली. ब्रेक नवे, पुढचे दिवे नवे, गाद्या नव्या. आण्णा तिच्यातून आटपाडीच्या बाजारापर्यंत जाऊन आले, सबंध गावाला हॉर्न ऐकवत.

काम संपलं आणि पुढचे तीन महिने जयराज गावाकडं फिरकला नाही. मग जीप बसायला लागली. दर शुक्रवारी आईचा फोन ठरलेला, "तुज्या आण्णांचं धूड परत बसलं रं! इका म्हनावं भंगारात."

"फिल्टरपासला नट सैल हाय," जयराज म्हणाला. "पाइप हवा घेतोय. सुरू कुठनं हुईल?"

पायरीवर बसलेल्या आण्णांनी मान वर केली. "रेघ?"

जयराज घुटमळला. आण्णांची ही फौजेतली सवय होती. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते आणि नुसत्या बघण्यानं कळतं. आवळल्याशिवाय रेघ मारायची नाही, हा नियम त्यांनी बावीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

"सरळ हाय," तो म्हणाला.

"मंजे परत तेच. न आवळताच रेघ मारली मी."

"हादऱ्यानं हुतं आण्णा. जुनी गाडी हाय."

"हादऱ्यानं सुटला आसता तर रेघ तुटली आसती. मला नगं शिकवूस." आण्णांच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "सहा येळा झालं. माज्या थोरल्या भावाचं आसंच झालं हुतं. आदी चाव्या इसरायला लागला, मग घरचा रस्ता. आज डिझेलचा नट हाय. उद्या ब्रेकचा इसरलो आन म्होरनं कुनाचं पोर आलं तर?"

जयराजनं बॉनेटची काठी उगाच नीट केली.

"जुन्या गाड्या घेतो त्या धनाजीला बोलावलंय, आटपाडीस्नं," आण्णा म्हणाले. "चार वाजता येतोय. त्येला देऊन टाकू. पाने बी सगळे देऊन टाकतो. जी गोष्ट ध्यानात ऱ्हाईना, तिला हात लावू न्हाई मानसानं."

जीपचा जयराजला वीट आला होता, हे खरं. आज ती जाणार म्हणून त्याला बरं वाटायला हवं होतं. पण ज्या हातांनी त्याला पाना धरायला शिकवलं ते हात असे मांडीवर पडलेले त्याला बघवेनात.

जयराजची आई बनुबाई चहाचे कप घेऊन आली. येताना तिनं सगळं ऐकलं होतं. "इकायची?"

"तूच म्हनत हुतीस की."

"म्हनायचं म्हनून म्हनलं. आवं, ऱ्हाऊ द्या की. एवढं खपलाय दोगं."

"झालं आता ठरवून."

जयराजनं वाकूनच हात मागं केला. "चौदाचा पाना."

आण्णा उठायच्या आत बनुबाईनं पेटीत हात घातला आणि पाना त्याच्या हातात दिला. त्यानं नटाला लावून जोर केला, तसा पाना सटकला आणि बोटाचं सालपट निघालं.

"आगं आये!"

"बघू, बघू. ह्या गाडीपायी पोराच्या हाताची पार चाळन झाली." ती लगबगीनं आत गेली, तेलात कालवलेली हळद वाटीतून घेऊन आली आणि बोटावर दाबून बसवली. त्याचा हात मात्र तिनं लगेच सोडला नाही. "पुढल्या ऐतवारी येशील न्हवं?"

"गाडीच न्हाई तर कशाला येऊ आये? आता दिवाळीला येईन की."

"व्हय. दिवाळीला ये." तिनं रिकामे कप उचलले आणि ती आत गेली.

जयराज पुन्हा बॉनेटखाली वाकला. धनाजी येईपर्यंत जीप सुरू तरी व्हायला हवी होती. नटावर डिझेल ओघळलं होतं, म्हणून आवळण्याआधी त्यानं फडक्यानं पुसून घेतलं. रेघ फडक्यावर आली.

तो थांबला. आण्णांचा रंग घासून घासूनही निघत नाही. त्यानं पुन्हा पुसलं. खाली दुसरी रेघ होती, जुनी, वाळून कडक झालेली. ती नटाच्या कडेशी येऊन तुटली होती. तिचा उरलेला तुकडा नटाबरोबर फिरून पार मागच्या अंगाला गेला होता.

म्हणजे आण्णांनी नट आवळला होता. आवळूनच रेघ मारली होती.

पायरीवर आण्णा जुडग्यातून जीपची चावी सोडवत होते. ती निघता निघत नव्हती. आत कप विसळायचा आवाज थांबला होता.

जयराजनं फडकं नाकाशी नेलं. मग आपलं दुखरं बोट नेलं. दोन्हींना एकच वास येत होता, तेलात कालवलेल्या हळदीचा.