मास्तरांचा तास

"डाव्या हातानं लिहितोस? ऊठ. पुढं ये," मास्तर कडाडले आणि बाकांवरची मंडळी हसली.

हे मास्तर खरे नव्हते. खरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा कोट घालून फळ्यापाशी उभा होता तो त्यांचा मुलगा, पोस्टातून नुकताच निवृत्त झालेला. शाळा मात्र खरी होती. पाडायला निघालेली ती इमारत संग्रहालयानं विटा-कौलांसकट उचलून इथं, लोहाराच्या दुकानाशेजारी, पुन्हा उभी केली होती. सुट्टीच्या दिवशी गावातलेच लोक जुन्या काळची माणसं होऊन पाहुण्यांना पाटीवर लिहायला बसवायचे. मास्तर कडक हवेत, लोकांना गंमत वाटते, असं संग्रहालयाच्या बाईंनी बजावलं होतं. आमचे बाबा तसे नव्हते हो, असं त्यानं सांगून पाहिलं होतं. घरी त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. पण मग तोही रंगात आला. पुठ्ठ्याची गुंडाळी करून त्यानं स्वतःच छडी बनवली.

उठून आलेले गृहस्थ साठीच्या पुढचे, अंगानं भरभक्कम. ते लहानपणी याच शाळेत होते म्हणून मुलीनं त्यांना आणि आईला हट्टानं आणलं होतं, आणि आता ती मागच्या बाकावरून मोबाइलवर त्यांचं चित्रण करत होती. ते येऊन उभे राहिले. काही न सांगता त्यांनी डावा हात पुढं केला. तळवा वर नव्हता. पाचही बोटांची टोकं जुळवलेली, नखं छताकडे.

हात असा धरायला त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तरी वर्ग बघत होता, म्हणून त्यानं हसत छडी उचलली.

गृहस्थांनी डोळे मिटून घेतले. "एक," ते म्हणाले. छडी हवेतच होती. "दोन." आवाज बारीक होता, त्या देहाला न शोभणारा. कुणीतरी टाळी वाजवली, काय झकास काम करतात म्हणून. "तीन. मास्तर, सकाळी उजव्यानंच लिहिलं होतं. चार."

टाळी थांबली. मुलीनं मोबाइल खाली घेतला.

त्यानं छडी टेबलावर टाकली. अहो, हे सगळं खोटं आहे, बसा तुम्ही, असं तो हळूच म्हणाला. पण ते मोजतच राहिले. शेवटी त्यांच्या बायकोनं पुढं येऊन तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि सावकाश खाली आणला. तेव्हा त्यांनी डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि चेहरा पुसत बाहेर निघून गेले. मुलगी त्यांच्यामागे धावली.

बायको तिथंच उभी राहिली.

"त्यांचं मधलं बोट सरळ होत नाही," ती म्हणाली. "दारात सापडलं होतं, असं सांगत आले मला. लग्न झाल्यापासून."

त्यानं तास तिथंच संपवला. लोक कुजबुजत बाहेर पडले. तो कोट काढून हातात घेऊन ओसरीवर आला. तिथं गावातल्या बायका मोठ्या कापडावर गावाचा इतिहास भरतकामानं भरत होत्या. कुणाच्या वाट्याला पूल आला होता, कुणाच्या वाट्याला स्टेशन. त्याची म्हातारी आई खिडकीखाली बसली होती. आतलं सगळं तिला ऐकू गेलं होतं. सुई कापडात तशीच टोचलेली होती.

तो तिच्याजवळ खाली बसला.

"आई, बाबा घरी कधी कुणावर ओरडलेसुद्धा नाहीत ना गं?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग?"

आईनं त्याच्या मांडीवरचा कोट ओढून घेतला आणि कोटाच्या उजव्या खांद्यावरून हात फिरवला.

"रोज संध्याकाळी खांदा धरायचा त्यांचा," ती म्हणाली. "मी शेकून द्यायचे. कशानं दुखतो, ते कधी विचारलं नाही."