शालनताईंचं ताट

"स्नायू पुन्हा घटले!" मोरेश्वर केळुसकर स्वयंपाकघरातल्या यंत्रावर खेकसले. त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, अंगठा टेकवला की ते यंत्र अंगातली सूज आणि स्नायू मोजायचं आणि त्यांच्या गरजेचं ताट रांधायचं; मोरेश्वरांना मात्र साधा आमटीभात. सूज उतरावी म्हणून बांगडा, स्नायू भरावेत म्हणून मूग. तरी शालनताईंचे दंड काडीसारखे होत चालले होते.

"आहार वाढवला आहे," यंत्र थंडपणे म्हणालं.

"दर महिन्याला हेच! भंगारात घालतो तुला!"

मोरेश्वर तणतणत हात धुवायला गेले, आणि टॉवेल विसरला म्हणून लगेच मागे फिरले. शालनताई पाटावर बसून आपल्या ताटातला बांगडा नवऱ्याच्या भाताखाली दडपत होत्या. रोज भातात सापडणारा तो बांगडा मोरेश्वर यंत्राचीच मेहेरबानी समजत आले होते.

"अगं, कधीपासून चाललंय हे?"

"यंत्र आलं तेव्हापासून. तुमच्या ताटात नुसता आमटीभात आणि माझ्यात मासळी? घास उतरत नाही हो घशाखाली."

मोरेश्वरांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "ऊठ! खुर्चीवर बस आणि माझ्यासमोर खा."

शालनताईंनी जमिनीला हात टेकला, पण त्यांना उठता येईना. मोरेश्वरांनी वाकून त्यांच्या काखेत हात घातले आणि लहान मुलीला उचलावं तसं अलगद उचलून त्यांना उभं केलं.

शालनताई कौतुकाने त्यांच्या दंडाकडे बघत राहिल्या.

"या वयातसुद्धा काय ताकद आहे हो तुमच्यात!"